खापर प्रोग ठरतं का?

धुळ्यात देवपूरला रतिलालचं चष्म्याचं दुकान आहे. ‘तुमची नजर कमी झाली’ असं वाक्य त्या दुकानात आजवर कुणी ऐकलेलं नाही. रतिलाल म्हणतो, “नंबर जरा सरकलाय.” जणू नंबरच एका जागी बसून कंटाळला होता आणि त्यात गिऱ्हाइकाचा काही दोष नाही. चाळिशी लागलेल्या बाईला तो म्हणतो, “वाचताना पुस्तक लांब धरता ना, ती चांगली सवय आहे. आता चष्म्याला ती सवय लावू.” माणसं हसत बाहेर पडतात. असा हा मृदू माणूस संगीताच्या बाबतीत मात्र कसाई आहे.

दुकानाच्या मागच्या खोलीत दोन जुने लाकडी स्पीकर आहेत. तरुणपणी तो सुरतेला मामाकडे चष्म्याचं काम शिकत होता, तेव्हा एका दुकानात त्याने एक इंग्रजी कॅसेट लावून बघितली. बराच वेळ झाला तरी गाणं संपेना. त्याने दुकानदाराला सांगितलं की कॅसेट अडकली आहे. दुकानदार म्हणाला, अडकली नाही, त्या अख्ख्या बाजूला एकच गाणं आहे. रतिलालने ती कॅसेट घेतली आणि त्याचं पुढचं आयुष्य ठरून गेलं.

या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात; भक्त लोक लाडाने प्रोग म्हणतात. ज्या गोष्टीला साध्या गाण्यात तीन मिनिटं लागतात ती इथे वीस मिनिटांत सांगतात. ताल मध्येच बदलतो. गाण्याला नाटकासारखे अंक असतात, आणि ऐकणाऱ्याने परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करायचा असतो. पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंडात याची मोठी साथ आली आणि ओसरली. खान्देशात ती उशिरा पोचली आणि दोघांनाच झाली.

दुसरा विक्रम. राहायला जळगाव शहरात, केळीचे मळे सावद्याकडे. बहिणीच्या घरी धुळ्याला आला असताना चष्म्याची काडी मोडली म्हणून तो दुकानात शिरला. मागच्या खोलीत टेप चालू होता. काडी बसवून झाली तरी विक्रम उठेना. “गाणं संपू दे ना भो,” तो म्हणाला. गाणं संपायला वेळ होता, तेवढ्यात चहा झाला, आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं विक्रम दर रविवारी दुपारी जळगावहून एसटीने धुळ्याला येत राहिला.

बैठकीचे नियम रतिलालने केले होते. एका रविवारी एकच रेकॉर्ड, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये बोलायचं नाही, मध्ये फोन नाही. संपली की चर्चा, आणि चर्चेच्या शेवटी निकाल: हा बँड प्रोग आहे किंवा नाही. या निकालाची जगात कुणालाही गरज नव्हती, त्यामुळे तो अत्यंत काटेकोरपणे दिला जाई. विक्रम दिलदार होता. “घे ना पदरात, पोरांनी मेहनत केली,” म्हणायचा. रतिलाल घेत नसे. सगळ्या जगाने डोक्यावर घेतलेले बँड त्याने देवपुरात नापास केले होते. नव्या जमान्यातल्या कुठल्याच बँडला त्याने पास केलं नव्हतं. अमेरिकेतल्या चार पोरांना तर गाण्याचा शेवट घाईत उरकला म्हणून बाहेर काढलं. त्या पोरांना अजून कळलेलं नाही.

घरात या गोष्टीला ‘प्रोग्रेसिव्हवाल्यांचा रविवार’ म्हणत. विक्रमला एकदा तालुक्याचा प्रगतिशील शेतकरी पुरस्कार मिळाला होता, म्हणून शेजारचे नाना बरीच वर्षं समजत होते की मागच्या खोलीत ठिबक सिंचनाचे वर्ग चालतात. रतिलालची बायको उषा त्यांचा गैरसमज दूर करत नसे. तिला तोच बरा वाटे. निदान सांगता येत होता.

गेल्या होळीनंतर भाची पुनमने रतिलालच्या फोनवर एक गाणं पाठवलं. बँड शिरपूरचा, नाव खापर. ज्यावर पुरणाचे मांडे भाजतात ते खापर. गाणं बावीस मिनिटांचं होतं आणि त्याला शब्द नव्हते. रतिलालने दुकान बंद करून ते ऐकलं, मग पुन्हा ऐकलं. सुरुवातीला सगळं धावत होतं. मग एकच ठेका इतका वेळ फिरत राहिला की खुर्चीतल्या माणसाला आपण कुठे बसलोय ते विसरायला व्हावं. त्यानंतर एकदम सगळं थांबलं. शांततेत काहीतरी अगदी बारीक सरसरत होतं. नीट ऐकल्यावर कळलं, ती पावलं होती. पुष्कळ माणसांची पावलं. एकजण खोकलाही. मग ढोल परत आला, पण लंगडत, सात मात्रांत, सातव्या मात्रेला आदळत.

रतिलालने चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छ होत्या.

त्याने फोनवर विक्रमला फक्त एवढंच सांगितलं, “या रविवारी ये. एक नवीन आहे. मी काही बोलत नाही.” ज्या माणसाने कधी शिफारस केली नाही त्याचं काही न बोलणं हीच मोठी शिफारस होती.

रविवारी विक्रम ऐकायला बसला. गाणं संपलं. नियमाप्रमाणे चर्चा सुरू झाली.

“वरात आहे ही,” विक्रम म्हणाला.

“काय?”

“वरात भो. ढोल, मग कॅसिओ, मग ढोल. नवरदेव पोचला नाही म्हणून लांबलेली. थांबवायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून गाणं लांब झालं, तर ते प्रोग होत नाही.”

“पाच भाग आहेत त्यात. सात मात्रांचा अख्खा भाग आहे. आणि मधल्या शांततेत काय केलंय बघ. त्या जुन्या इंग्रजी बँडांचा सरळ प्रभाव आहे. आधुनिक माणसाचं तुटलेपण...”

“कसलं तुटलेपण? मधे टेप रिकामी आहे.”

“रिकामी नाही. ऐक.”

रतिलालने तेवढा भाग पुन्हा लावला. दोघंही स्पीकरकडे बघत बसले.

“काही नाही,” विक्रम म्हणाला. “रतिलाल, खरं सांगू? पोरं शिरपूरची आहेत म्हणून तू पास करतोयस. मुंबईची असती तर दारातून हाकलली असतीस.”

रतिलालला आयुष्यात पुष्कळ बोलणी बसली होती, पण पक्षपाती त्याला कुणी म्हटलं नव्हतं. कुणी विचारत नसताना इतकी वर्षं निःपक्षपातीपणा सांभाळणं सोपं नसतं. तो म्हणाला, “तुला ऐकू येत नाही त्याला बँड काय करणार?”

हे बोलताच ते खरं आहे हे खोलीतल्या तिघांनाही कळलं. तिसरी उषा, ती चहा घेऊन दारात उभी होती. विक्रम गेली दोनेक वर्षं प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा विचारत होता, खुर्ची सरकवून उजवा कान पुढे करून बसत होता. रतिलालने ते बघितलं होतं आणि त्याबद्दल शब्द काढला नव्हता. आता काढला तो असा.

विक्रमने पिशवी उचलली. “बस आहे,” म्हणाला. धुळ्याहून जळगावला बस सदासर्वदा असते. चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी विक्रमचा निरोप आला: केळीची कापणी चालू आहे. त्याच्या पुढच्याही रविवारी कापणी चालू होती. केळीची कापणी बारा महिने कुठल्या ना कुठल्या मळ्यात चालूच असते, हे रतिलालला माहीत होतं. म्हणजे हे कारण जन्मभर पुरण्यासारखं होतं.

रतिलाल एकटा बसू लागला. रेकॉर्ड लावायचा, नियमाप्रमाणे शेवटपर्यंत गप्प राहायचा, आणि संपल्यावरही गप्पच राहायचा. एका रविवारी उषा सोबतीला बसली. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “छान आहे. संपलं का?”

“संपलं.”

“तुम्ही गिऱ्हाइकाला नंबर सरकला म्हणता. आणि मित्राला हे असं?”

“त्याने मला पक्षपाती म्हटलं.”

“म्हणू द्या की. तुमचा कुठे निकाल सरकारी आहे? फोन करा.”

“आधी पुरावा गोळा करतो,” रतिलाल म्हणाला.

माफी मागता न येणारी माणसं पुरावे गोळा करतात. रतिलालने पुनमकडून पत्ता घेतला आणि शिरपूरची बस धरली.

खापरचं ऑफिस, स्टुडिओ आणि तालमीची जागा म्हणजे रोहिणीच्या घराची गच्ची. पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक कीबोर्ड, एक गिटार आणि चार प्रकारचे ढोल होते. रोहिणी कीबोर्ड वाजवायची. इंजिनिअरिंग झालं होतं आणि क्लासमध्ये गणित शिकवत होती. ढोलवर भुरा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावचा. गिटारवाला परीक्षेला गेला होता. देवपूरहून कुणी चष्मेवाले काका गाण्यावर बोलायला येतायत म्हटल्यावर रोहिणीने खुर्ची आणून ठेवली होती. स्वतः ते दोघं कठड्यावर बसले. रतिलालला आपण मुलगी बघायला आल्यासारखं वाटलं.

“तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे?” त्याने विचारलं.

भुराने विचार केला. “पुनामामाचा.”

पुनामामा हे नाव रतिलालने कुठल्याच रेकॉर्डवर वाचलेलं नव्हतं.

“याचा मामा,” रोहिणी म्हणाली. “लग्नाचा बँड आहे त्यांचा. आम्ही दोघं सीझनला त्यातच वाजवतो. मी गाडीवर कॅसिओला.”

“आणि ते इंग्लंडचे जुने बँड? सत्तरच्या दशकातले?”

“नाही ऐकले काका. ऐकायला पाहिजेत का?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला रतिलालला एरवी तीन तास लागले असते. त्या दिवशी त्याने पुढचा प्रश्न विचारला. गाण्याचे भाग कसे सुचले?

“भाग नाहीत ते,” भुरा म्हणाला. “रस्ता शे तो. आमच्या गावचा.”

मग त्याने हाताने हवेत रस्ता काढून दाखवला. मांडवापासून चौकापर्यंत रस्ता रुंद, नाचणारे ताजे, म्हणून ढोल पळतो. पुढे गल्ली अरुंद. तिथे बँडची गाडी दर वेळी ओट्याला अडकते, आणि ती सुटेपर्यंत एकच ठेका धरून ठेवावा लागतो, नाहीतर नाचणारे पांगतात. ज्या भागाला रतिलालने मनात ‘ध्यानमग्न आवर्तन’ असं नाव दिलं होतं, तो ओटा होता. नाल्यावरून गाडी दगडांवरून जाते आणि मागचं चाक एका ठरावीक जागी आदळतं. ढोलवाल्याचा हात त्या आदळण्याशी जुळवून घेतो. सात मात्रा त्या चाकाच्या होत्या. शेवटी मारुतीचं देऊळ.

“ठरवून बसवलंय आम्ही,” रोहिणी म्हणाली. “प्रत्येक तुकडा. चार महिने घरचे वैतागले होते.”

“आणि मधली शांतता?”

भुराने ढोल जवळ ओढला. मग रोहिणीने सांगितलं. वाटेत मयत झालेलं घर असलं की तिथे वाजवत नाहीत. अख्खी वरात गप्प होऊन त्या घरावरून जाते आणि पुढे गेल्यावर परत सुरू होते. भुराची आजी चमेलीबाई गेली त्याच आठवड्यात गावात एक लग्न होतं. लग्न टळण्यासारखं नव्हतं आणि गावात दुसरा बँड नव्हता. वरात चमेलीबाईच्या घरावरून गेली. रोहिणीचा फोन गाडीवर रेकॉर्डिंगला लावलेला होता, तो तसाच चालू राहिला.

“आजीले वाजवणं लई आवडे,” भुरा म्हणाला. “मी ढोल धरीसन नुसता चाललो.”

आधुनिक माणसाचं तुटलेपण रतिलालने मनातल्या मनात घडी करून ठेवून दिलं. त्याने दोघांचे आभार मानले, भुराच्या ढोलाला हात लावून बघितला आणि खाली उतरला.

परतीच्या बसमध्ये त्याच्या लक्षात आलं की गोळा झालेला सगळा पुरावा विरुद्ध पक्षाच्या बाजूचा आहे. प्रभाव नव्हता. ती वरातच होती. ज्या माणसाला आपण ऐकू येत नाही म्हणालो त्याने एका कानाने जे ओळखलं, ते आपल्या दोन कानांना कळलं नव्हतं. खऱ्या निःपक्षपाती माणसाने अशा वेळी काय करावं हे उघड होतं, आणि नेमकं तेच त्याला करायचं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं नाही. जळगाव गाठून तिथून सावद्याची बस घेतली आणि विचारत विचारत विक्रमच्या मळ्यात जाऊन उभा राहिला.

मळ्यात खरोखरच कापणी चालू होती. विक्रम बांधावर उभा राहून घड मोजत होता. त्याने रतिलालला बघितलं, मोजणी चुकली, आणि त्याने ती सोडून दिली.

“वरातच आहे,” रतिलाल म्हणाला.

“काय?”

रतिलाल त्याच्या उजव्या बाजूला गेला. “खापर. वरातच आहे ती. मी शिरपूरला जाऊन आलो. तू बरोबर होतास.”

विक्रम खुश झालेला दिसला नाही. त्याने खाली पसरलेल्या केळीच्या पानांवर बसायची जागा केली, दोघांपुरती.

“आणि तो रिकामा भाग?”

“पावलं आहेत. लोक चालतायत.”

विक्रमने शेजारचा एक घड सरळ करून ठेवला. “मला नाही आली ऐकू,” तो म्हणाला. “डावा गेल्यातच जमा आहे. बारीक आवाज उजव्यालाही येत नाहीत. दोन वर्षं झाली. रविवारी निम्मं मी आठवणीने ऐकतो. रेकॉर्डी पाठ आहेत म्हणून चालतंय भो. ही नवीन होती.”

“मला दिसत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोलता आलं नाही. आणि आलं ते तसं आलं.” रतिलाल केळीच्या पानाची कड चिरत बसला. “रोज पन्नास माणसांना सांगतो विक्रम. तुला सांगायचं म्हटलं की चष्मा पुसत बसतो. चुकलं माझं.”

“चुकलंच,” विक्रम म्हणाला. मग कान खाजवत म्हणाला, “मशीन घे म्हणतो पोरगा. कानाचं. मी म्हणालो, कानात शिट्टी वाजते त्यात, गाणं नासतं.”

“आता चांगली आलीत. धुळ्याला माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे. आपण बघू. तिथेच लावून रेकॉर्ड ऐकायची आणि मग ठरवायचं.”

“तो ऐकू देईल का वीस मिनिटं?”

“चष्मे मीच देतो त्याला. देईल.”

निघताना रतिलालने सांगितलं की अक्षय्य तृतीयेनंतर चोपडा रस्त्यावरच्या एका गावात लग्नाला पुनामामाचा बँड आहे. तू जळगावकडून ये, मी शिरपूरकडून येतो. स्वतः बघ आणि निकाल तू दे. मी बोलणार नाही.

लग्नपत्रिकेवर मुहूर्त दुपारी साडेबाराचा होता, म्हणजे वरात साडेबाराला निघाली. उन्हाने डांबर चिकट झालं होतं. नवरदेव घोड्यावर, त्याच्या डोक्यावर छत्री, पुढे पोरं नाचत होती, आणि मध्ये बँडची गाडी. रोहिणी डोक्याला रुमाल बांधून कॅसिओवर होती. भुरा गळ्यात ढोल अडकवून चालत होता. त्याच्या पुढे पुनामामा, टोपी आणि लाल कोट घातलेला, एवढ्या उन्हात कोटाचं वरचं बटणही लावलेलं. त्याने हात वर केला की बँड पळायचा, आडवा केला की जागच्या जागी फिरायचा.

विक्रम आणि रतिलाल ढोलाच्या मागे चालत होते. विक्रमला सगळं ऐकू येत होतं. तो ढोल बहिऱ्यालाही छातीत ऐकू आला असता. गल्लीत गाडी एका पायरीला अडकली. ठेका फिरत राहिला, चार माणसांनी खांदा दिला, नाचणारे नाचत राहिले. विक्रमने रतिलालकडे बघितलं. रतिलाल दिलेल्या शब्दाप्रमाणे बोलला नाही.

गल्ली संपता संपता पुनामामाने मूठ मिटली आणि मागे वळला.

“पुढे मयत व्हयेल शे,” तो म्हणाला. “बठ्ठा उगामुगा चाला.”

सगळ्यांनी गुपचूप चालायचं म्हटल्यावर बँड थांबला. नाचणाऱ्या पोरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि ती सरळ चालू लागली. नवरदेवाच्या बाजूचा एकजण फटाक्यांची माळ लावायच्या बेतात होता, त्याने ती पिशवीत टाकली. डाव्या हाताला एका घराच्या ओसरीवर पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं बसली होती. त्यांतला एक म्हातारा वरात बघून उठला आणि त्याने नवरदेवाला हात जोडले. नवरदेवाने घोड्यावरून हात जोडले. कुणी काही बोललं नाही. शंभर-दीडशे माणसांच्या चपला खडीवर घासत पुढे सरकत होत्या. भुराने ढोलाच्या कातड्यावर हात ठेवला होता, आपोआप वाजू नये म्हणून.

विक्रम मान एका बाजूला कलती करून चालत होता. मध्येच तो थांबला, आणि मागून येणारा एकजण त्याच्यावर आदळला.

“चपला,” विक्रम हळूच म्हणाला. “चपला वाजतायत भो.”

“हो.”

घर मागे पडलं. पुनामामाने हात वर केला आणि ढोल सुरू झाला. पुढे नाला होता.

जेवणाला वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी होती. विक्रमने सतरंजीवर बसून बट्टी कुस्करली, तूप ओतून घेतलं आणि निकाल दिला.

“प्रोग नाही,” तो म्हणाला.

रतिलालने हातातला घास ताटात परत ठेवला. “आत्ता बघितलंस ना सगळं?”

“बघितलं म्हणूनच म्हणतो. भारी आहे. आपण ऐकलेल्या निम्म्या रेकॉर्डींपेक्षा भारी आहे. पण प्रोगवाले खोलीत बसून रस्ते बनवतात. यांनी रस्ता होता तसा घेतला.”

“होता तसा? चार महिने बसवलंय त्यांनी. गच्चीवर नाला कुठे होता? गाडी कुठे होती?”

“मग बसवायला जास्त वेळ लागला म्हणून प्रोग?”

“तुझं म्हणणं, लग्नातलं आहे म्हणून नापास?”

“मी कुठे म्हटलं? शब्द नको घालूस माझ्या तोंडात. आधीच बट्टी आहे.”

वाढणारा मुलगा वरणाची बादली घेऊन त्यांच्यापुढे उभा होता. कुणाला वाढायचं ते त्याला कळेना, मग त्याने दोघांनाही वाढलं. पलीकडे रोहिणी आणि भुरा ताटं घेऊन उभे होते. ते जवळ आले.

“काका, कुणाचं चाललंय?” रोहिणीने विचारलं.

“तुमचंच,” रतिलाल म्हणाला. “हे विक्रमभाऊ. यांनी तुम्हाला नापास केलंय.”

“का?” भुराने विचारलं. त्याला राग आला नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

विक्रमने त्या दोघांकडे नीट बघितलं. पंचवीस वर्षांत निकालाचं कारण विचारायला पहिल्यांदाच कुणी बँड समोर उभा होता. “असं उभ्या उभ्या नाही सांगता येत,” तो म्हणाला. “त्याला जुन्या चार-पाच रेकॉर्डी ऐकाव्या लागतील. पूर्ण. मधे बोलायचं नाही.”

“कुठे?”

“धुळ्याला, यांच्याकडे. रविवारी.” मग तो रतिलालकडे वळला. “या रविवारी डॉक्टर असतो का तुझा?”

“शनिवारी असतो. शनिवारीच ये. मुक्कामाला.”

“चालेल.”

रोहिणी आणि भुरा पलीकडच्या सतरंजीवर बसले आणि आपसात काहीतरी बोलायला लागले. बहुतेक बस किती वाजता असते ते. रतिलालने भाकरीसारखी बट्टी मोडायचा प्रयत्न केला. त्याला एकदम भूक लागली होती. पण उत्तर द्यायचं राहिलं होतं, म्हणून त्याने तोंड उघडलं.

“थांब,” विक्रम म्हणाला आणि त्याने ताट सरकवून आपल्या उजव्या हाताला जागा केली. “इकडे येऊन बस. तिकडून तुझं म्हणणं खोडता यायचं नाही.”

रतिलाल उठला, ताट घेऊन पलीकडे गेला आणि मांडी घालून बसला.

“हां,” विक्रम म्हणाला. “आता बोल. पहिला भाग. तो कसा काय प्रोग?”